फ्लाइट रिव्ह्यू: एका तासात सही मिळावी का?

आकाशवेडा
अमेरिकेत हौशी वैमानिकांना दर 24 महिन्यांनी फ्लाइट रिव्ह्यू द्यावा लागतो. किमान एक तास जमिनीवर नियमांची उजळणी, किमान एक तास उड्डाण आणि मग इन्स्ट्रक्टरची लॉगबुकात सही. गेल्या महिन्यात टेक्सासमध्ये माझा झाला. सेसना 172 या छोट्या विमानावर तीन उड्डाणं झाली तेव्हा कुठे सही मिळाली. विमानाचं भाडं वेगळं, इन्स्ट्रक्टरची फी वेगळी. चौदा वर्षं उडवतोय, एक ओरखडा नाही. ही काही चेकराइड, म्हणजे परवान्याची परीक्षा, नव्हे. नियमात उड्डाणाचा एक तास लिहिलाय, तर आपण तेवढीच अपेक्षा का ठेवू नये?

उजवा_रडर
कारण नियमात 'किमान' लिहिलंय, दादा. फ्लाइट रिव्ह्यूच्या नियमात, 61.56 मध्ये, कसरतींची यादीच नाही. सुरक्षित उडवता हे दिसायला काय काय लागेल, ते इन्स्ट्रक्टरने ठरवायचं.

माझंच सांगते. बाळंतपणानंतर सात महिने विमानाला हात लावला नव्हता. रिव्ह्यूमध्ये उतरताना अचानक इन्स्ट्रक्टरचं "गो-अराउंड" ऐकू आलं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढायचं. पूर्ण पॉवर दिली, नाक वर उठलं आणि डावीकडे ओढलं गेलं. नाक सरळ ठेवायला उजवं रडर पेडल दाबायचं असतं, पण उजवा पाय हललाच नाही. उतरताना पंखांमागे खाली सोडलेले फ्लॅप पूर्ण खाली तसेच, विमान वर चढेना. त्याआधीचा गो-अराउंड कधी केला होता तेही आठवेना. नेहमीचं लँडिंग छान जमत होतं, म्हणून मी स्वतःला तयार समजत होते. एका तासात घाईने उरकलं असतं तर हे मला कधी कळलं असतं?

आकाशवेडा
तुमचं पटतं ताई, पण तुमचा खंड पडला होता. मी दर महिन्याला उडतो. आणि वरची मर्यादा नसेल तर कोणी कितीही फेऱ्या मारायला लावेल.

धावपट्टी_27
मी इन्स्ट्रक्टर आहे. समाधान झालं नाही तर मी नापास लिहीत नाही. ते उड्डाण शिकवणीचं म्हणून नोंदवतो. जुन्या रिव्ह्यूची मुदत त्या महिनाअखेरपर्यंत असेल तर तोवर तुम्ही उडू शकता, दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडेही जाऊ शकता. पण दर महिन्याला उडणारा बहुधा त्याच विमानतळावर, छान हवेत, त्याच सवयी घेऊन उडतो. त्या सवयीच मला बघायच्या असतात. एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूचा: पहिल्या उड्डाणानंतर काय कमी पडलं हे स्पष्ट सांगणं इन्स्ट्रक्टरचं कामच आहे. तुम्हाला सांगितलं होतं का?

ढगांपलीकडे
मला हा दोन वर्षांनी एकदाचा हिशोबच मान्य नाही. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) विंग्ज या सराव-प्रशिक्षण कार्यक्रमाचा एक टप्पा पूर्ण केला की वेगळा रिव्ह्यू लागत नाही. थोडं थोडं शिकत राहता येतं. मी तेच करतो.

उजवा_रडर
चांगलंच आहे, पण त्यातही इन्स्ट्रक्टर शेजारी बसतोच.

आकाशवेडा
लॉगबुक काढून बघितलं. पहिल्या उड्डाणाच्या नोंदीत बारीक अक्षरात लिहिलंय: "फायनलकडे वळताना वेग कमी, रडर जास्त." फायनल म्हणजे धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा. कमी उंचीवर स्पिन, म्हणजे विमान गरगरत कोसळणं, अनेकदा याच वळणात होतो. मी ते तेव्हा वाचलंच नव्हतं. खर्चाचा मुद्दा मी सोडत नाही, पुढच्या वेळी आधी फोनवर अंदाज विचारीन. शनिवारी त्याच इन्स्ट्रक्टरबरोबर फक्त सर्किट, म्हणजे विमानतळाभोवती फेरी घेऊन पुन्हा पुन्हा उतरण्याचा सराव, मारायला जातोय.