टेरेसवरची डिश: सोसायटी ग्रुप, रविवार

मीनाताई (बी-४०२): सेक्रेटरीसाहेब, नमस्कार. बेडरूमच्या छताला पंख्याशेजारी ओल आली आहे. मे महिन्यात सगळ्यांनी पैसे भरून वॉटरप्रूफिंग केलं ना आपण? म्हणून आत्ता वर जाऊन बघितलं. टाकीच्या बाजूला कोणीतरी लोखंडी पाइप रोवून त्यावर मोठी ताटली बसवली आहे. स्लॅबला ड्रिल मारून! हे कोणाला विचारून केलं?

मीनाताई (बी-४०२): [फोटो]

मीनाताई (बी-४०२): [फोटो] ही भोकं मोजा. आठ आहेत. पाइप एक, भोकं आठ.

गुरुदास, सेक्रेटरी: ताई, बघतो. मी आत्ता म्हापशाला आहे, संध्याकाळपर्यंत येतो. ज्यांचं असेल त्यांनी कृपया इथेच सांगावं 🙏

प्रभाकरकाका (ए-१०१): टेरेसची चावी कोणी दिली?

रोहन (ए-२०३): ताटलीचं तोंड चोडण बेटाच्या दिशेला आहे. म्हणजे कोणाची ते सांगायला नको 😄

ओंकार (बी-३०१): माझी आहे. सांगणारच होतो.

मीनाताई (बी-४०२): कधी? छत खाली आल्यावर?

ओंकार (बी-३०१): ताई, चोडणला आमच्या जुन्या घरी आजी एकटी असते. वाड्यावर फायबर नाही, मोबाईलला कधी एक दांडी तर कधी तीपण नाही. पावसात माड पडला की फोन बंद. फेरीबोट पकडून जाईपर्यंत काही कळत नाही. म्हणून इकडचं नेट तिकडे नेलंय. दोन डिश, एक इथे, एक तिथे. मध्ये नुसती मांडवी.

रामनाथ, खजिनदार: आजीचं नाव पुढे करू नकोस. तुझा मामेभाऊ तिकडे बसून तुझ्याबरोबर रात्रभर गेम खेळतो हे सगळ्यांना माहीत आहे.

ओंकार (बी-३०१): खेळतो. आजी झोपल्यावर. त्यात काय?

सुलभाकाकू (ए-१०१): ओंकार बाळा, तुझ्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा रात्री दोनला विमानासारखा वाजतो हं.

प्रभाकरकाका (ए-१०१): टेरेसची चावी कोणी दिली, याचं उत्तर आलेलं नाही.

शिल्पा (बी-४०१): माझा प्रश्न वेगळा आहे. आमची सून सातव्या महिन्यात आहे. हे रेडिएशन थेट आमच्या डोक्यावर. कोणी तज्ज्ञ माणसाला विचारलं का?

नाईक सर (सी-२०२): शिल्पावहिनी, काळजी समजते. पण ही डिश सगळीकडे फेकत नाही, एका दिशेला फेकते, आणि ती दिशा नदीची आहे. खाली तुमच्या छताकडे येणारा भाग नगण्य. आतल्या रेडिओची ताकद एक वॅटच्याही आत. तुमच्या हॉलमधला राउटर याच जातीचा, आणि तो सोफ्यापासून चार फुटांवर आहे. मोबाईल टॉवरसाठीसुद्धा १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशात आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढीच मर्यादा आहे.

शिल्पा (बी-४०१): सर, लिफ्टला काही होणार नाही असंही तुम्हीच म्हणाला होतात.

नाईक सर (सी-२०२): लिफ्टचा आणि भौतिकशास्त्राचा संबंध जोडू नये ही विनंती.

रोहन (ए-२०३): 😂😂

रामनाथ, खजिनदार: आणि परवाना? उद्या पोलीस आले तर सोसायटी अडकेल.

नाईक सर (सी-२०२): परवाना लागत नाही. वाय-फायचा २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून मोकळा आहे. ५ गीगाहर्ट्झचा २०१८ मध्ये घराबाहेरच्या वापरासाठीही मोकळा केला. ताकदीची मर्यादा पाळायची, बस्स.

रामनाथ, खजिनदार: सरकारचा लागत नाही म्हणून सोसायटीचा लागत नाही असं होत नाही सर. टेरेस सगळ्यांची आहे.

नाईक सर (सी-२०२): ते शंभर टक्के मान्य. मी फक्त पोलिसांबद्दल बोललो.

गुरुदास, सेक्रेटरी: रामनाथ म्हणतो तोच मुद्दा आहे. बाकी नंतर.

प्रभाकरकाका (ए-१०१): टेरेसची चावी कोणी दिली??

सुलभाकाकू (ए-१०१): अहो, मीच दिली. आपल्या टीव्हीची डिश वाऱ्याने वाकडी झाली होती, मॅच दिसत नव्हती म्हणून तुम्हीच ओरडत होता. ओंकारनेच वर जाऊन सरळ करून दिली.

प्रभाकरकाका (ए-१०१): मग त्याने परत का केली नाही?

रोहन (ए-२०३): काका, आता घरीच सोडवा तो विषय.

मीनाताई (बी-४०२): आठ भोकांबद्दल अजून कोणी बोललेलं नाही. पाइप एक. भोकं आठ.

ओंकार (बी-३०१): ताई, सांगतो. पहिल्यांदा बसवला तेव्हा चार बोल्ट. लिंक छान लागली. दोन तासांनी बंद. पुन्हा आपोआप चालू. वाटलं केबल खराब. मग लक्षात आलं, भरती-ओहोटीबरोबर होतंय. सिग्नल एक सरळ जातो आणि एक पाण्यावर आपटून जातो. पाण्याची पातळी बदलली की त्या दुसऱ्याची वाट लांब-आखूड होते आणि ठरावीक पातळीला दोघं एकमेकांना मारतात. उपाय म्हणजे डिशची उंची नाहीतर जागा बदलायची. म्हणून पाइप थोडा पुढे घेतला, जास्त उंच केला. परत चार बोल्ट.

नाईक सर (सी-२०२): अगदी बरोबर शोधलंस! पाण्यावरून जाणाऱ्या लिंकचा हा जुना त्रास आहे. आणि नुसतं समोर दिसलं म्हणजे झालं असंही नाही. तीन किलोमीटरला वाटेच्या मध्यावर सगळ्या बाजूंनी साधारण सहा मीटर जागा लागते, निदान त्यातली साठ टक्के मोकळी हवी.

मीनाताई (बी-४०२): सर, त्याचं कौतुक नंतर करा. भरतीचं पाणी मांडवीत असतं, माझ्या बेडरूममध्ये का आलं?

सुलभाकाकू (ए-१०१): कोणाला सुके बांगडे हवे आहेत का? माझ्या बहिणीकडे आहेत. मासेमारी बंद आहे, ताजे काय ३१ जुलैपर्यंत विसरा.

रोहन (ए-२०३): काकू, अर्धा किलो. ओंकार, हे नेट जास्तीत जास्त किती लांब जातं?

नाईक सर (सी-२०२): २००७ साली व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी साध्या वाय-फायच्या उपकरणांवर ३८२ किलोमीटरची लिंक जोडली होती. दोन डोंगरांच्या माथ्यांवरून. पणजी-पुणे हवाई अंतरापेक्षा जास्त.

रोहन (ए-२०३): मग ए विंगपर्यंत येऊ दे की रे 😄 शंभर रुपये महिना देतो.

ओंकार (बी-३०१): नको. घरच्या घरी वापरणं वेगळं, लोकांना नेट विकायचं म्हणजे लायसन्स लागतं.

रामनाथ, खजिनदार: विकायचं सोड, आधी वीज कोणाची ते सांग. पंपाच्या खोलीतल्या सॉकेटला तुझा अडॅप्टर लावलेला आहे. तो मीटर कॉमन आहे.

ओंकार (बी-३०१): आठ वॅट आहे काका. चोवीस तास चालू धरला तरी महिन्याला सहा युनिटसुद्धा होत नाहीत.

रामनाथ, खजिनदार: सहा असो की सहाशे. विचारलं होतंस?

ओंकार (बी-३०१): नव्हतं. केबल माझ्या घरातून वर नेतो, अडॅप्टर माझ्याकडे राहील. रेडिओला वीज त्याच केबलमधून जाते.

रामनाथ, खजिनदार: आणि तुझा गेमिंगचा डबा चालू झाला की आमचे दिवे मंद होतात त्याचं काय?

ओंकार (बी-३०१): तो फुल खेळताना तीनशे वॅट ओढतो. तुमचा गिझर दोन हजार. दिवे कोणामुळे मंद होतात ते वीज खात्याला विचारा.

गुरुदास, सेक्रेटरी: ओंकार, भाषा.

ओंकार (बी-३०१): सॉरी काका.

रोहन (ए-२०३): विषय निघालाच आहे तर, तन्मयला पीसी हवाय. बजेट चाळीस. ग्राफिक्स कार्ड ऑनलाइन स्वस्तात दिसतंय, आरएक्स ५८०. घेऊ?

ओंकार (बी-३०१): नावाच्या शेवटी २०४८एसपी लिहिलंय का बघा. खऱ्या ५८०मध्ये २३०४ कोअर असतात. २०४८वालं म्हणजे जवळजवळ ५७०च, नाव तेवढं मोठं. त्यात बरीचशी क्रिप्टो-मायनिंगमध्ये घासून आलेली. त्यापेक्षा रायझन ५६००जी प्रोसेसर घ्या, ग्राफिक्स आतच असतं. कार्ड पुढच्या वर्षी. रॅम मात्र आठ-आठ जीबीच्या दोन काड्या घ्या, सोळाची एक नको. आतलं ग्राफिक्स रॅमवरच चालतं, एका काडीवर गेम अडखळतो.

रामनाथ, खजिनदार: हा सोसायटीचा ग्रुप आहे की कॉम्प्युटरचं दुकान?

रोहन (ए-२०३): सुक्या बांगड्यांना कोणी काही म्हटलं नाही.

ओंकार (बी-३०१): आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, चांगल्या कंपनीचा. तिथे पैसे वाचवू नका. पावसात आपली लाईट दिवसातून किती वेळा जाते बघताय ना. घरचा इन्व्हर्टर जुना चौकोनी वेव्हचा असेल तर त्यावर पीसी लावू नका.

शिल्पा (बी-४०१): वीज पडली तर? एवढा उंच लोखंडी पाइप, खाली आम्ही.

नाईक सर (सी-२०२): हा प्रश्न आतापर्यंतचा सगळ्यात चांगला आहे. ओंकार, पाइपला अर्थिंग केलंयस का? केबल शील्डवाली आहे? वर-खाली सर्ज प्रोटेक्टर?

ओंकार (बी-३०१): केबल शील्डवाली आहे. प्रोटेक्टर मागवलाय.

नाईक सर (सी-२०२): मागवलाय म्हणजे नाही. आणि अर्थिंगचं तू बोललाच नाहीस. दोन्ही होईपर्यंत केबल काढून ठेव. आजच.

प्रभाकरकाका (ए-१०१): यापुढे चावी फक्त सेक्रेटरीकडे असावी, असा ठराव मांडतो.

सुलभाकाकू (ए-१०१): आणि टीव्ही बंद पडला की म्हापशाला फोन करा.

गुरुदास, सेक्रेटरी: मी वॉटरप्रूफिंगवाल्याशी बोललो. तो म्हणतो, बाहेरच्या कोणी ड्रिल मारलं तर गॅरंटी संपली. बोलून बोलून शेवटी एवढंच कबूल केलंय की उद्या येऊन भोकं केमिकल भरून बंद करेल, पण पैसे घेईल. ते ओंकार देईल. बरोबर ना?

ओंकार (बी-३०१): हो.

गुरुदास, सेक्रेटरी: डिश काढून टाका असं माझं म्हणणं नाही, आजीचा प्रश्न खरा आहे. पण स्लॅबला हात लावायचा नाही. सर, दुसरा काही मार्ग?

नाईक सर (सी-२०२): टाकीच्या खोलीची उभी भिंत आहे ना, तिला क्लॅम्प. नाहीतर खाली लोखंडी चौकट आणि त्यावर चिरे ठेवायचे, भोक नकोच. पण चौकटीखाली रबर घाल, आणि वाऱ्यात चिरे कठड्यापासून लांब असले पाहिजेत.

ओंकार (बी-३०१): भिंतच बरी. पण उंची बदलली की भरतीचा घोळ पुन्हा येईल, दोन दिवस वर-खाली करून बघावं लागेल.

रामनाथ, खजिनदार: लेखी अर्ज दे. एनओसी देऊ. फुकट नाही, नाममात्र भाडं ठरवू, म्हणजे उद्या दुसरा कोणी आला तर त्यालाही तोच नियम.

शिल्पा (बी-४०१): आणि आमच्या फ्लॅटच्या वर नको. सरांनी सांगितलं तरी नको.

गुरुदास, सेक्रेटरी: टाकीची खोली तुमच्या वर नाही वहिनी, जिन्याच्या वर आहे. तर मग ठरलं 🙏

मीनाताई (बी-४०२): काय ठरलं? माझ्या छताच्या रंगाचं कोणी लिहिलंच नाही.

रामनाथ, खजिनदार: ते जनरल बॉडीला घेऊ.

मीनाताई (बी-४०२): तोपर्यंत मी बुरशीखाली झोपू का? ओंकार, तूच सांग.

ओंकार (बी-३०१): रंगाचे पैसे मी देईन ताई. पण खिडकीजवळचे डाग सोडून. ते तुमच्या पहिल्या फोटोत आहेत आणि तिथवर माझ्या भोकांचं पाणी येऊच शकत नाही, उतार उलट्या बाजूला आहे.

मीनाताई (बी-४०२): खिडकीजवळ कुठले डाग?

ओंकार (बी-३०१): फोटो मोठा करून बघा.

मीनाताई (बी-४०२): ते जुने आहेत. मागच्या कमिटीच्या वेळचे.

प्रभाकरकाका (ए-१०१): मागच्या कमिटीत मी होतो. आता हे स्पष्ट करावं.