गाडीची पुढची काच बदलल्यावर एडासचं (ADAS, म्हणजे चालकाला मदत करणारी कॅमेरा-रडारची सिस्टीम) कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळवणी, करावंच लागतं का?

प्रश्न: पुढची काच बदलली, डॅशबोर्डवर एरर काहीच नाही. तरी काचेमागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन लागेल का? नागपूरहून समृद्धीने मुंबईला जायचं आहे, लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवायला मदत करणारी सोय) आणि अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप सांभाळणारी सोय) वापरणार.

प्रतिसाद १: लागतंच भाऊ. एरर नाही म्हणजे कॅमेरा सरळ बघतोय असं नाही. कोन एका अंशाने चुकला तरी 100 मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळपास अर्धी लेन! आधी व्हील अलाइनमेंट करा, टायरची हवा नेमकी भरा, डिकी रिकामी ठेवा. मग सपाट फरशीवर, कंपनीने दिलेल्या अंतरावर टार्गेट बोर्ड (कॅमेऱ्याला दाखवायचा खुणांचा फलक) लावून स्कॅनरने कॅलिब्रेशन होतं. काही गाड्या त्याऐवजी किंवा त्यानंतर ठळक पट्ट्यांच्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवाव्या लागतात. रिपोर्टची प्रिंट मागून घ्या. काचही त्याच व्हेरियंटची हवी, कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटसकट.

प्रतिसाद २: रडारही (पुढच्या गाडीचं अंतर मोजणारा सेन्सर) बघा. ते बहुतेक गाड्यांत पुढच्या ग्रिलमागे किंवा बंपरमागे असतं. त्यासमोर लोखंडी गार्ड, चिखल किंवा बंपरवर पुट्टीचा जाड थर आला की सिग्नल अडतो.

प्रतिसाद ३: समृद्धीवर सर्वात मोठा धोका उभ्या ट्रकचा. जास्त वेगात बऱ्याच सिस्टीम थांबलेलं वाहन उशिरा ओळखतात, कधी ओळखतच नाहीत. क्रूझ 100 वर लावा, पुढच्या गाडीपासूनचं अंतर सर्वात जास्त ठेवा, पाय ब्रेकजवळच. संध्याकाळी मुंबईकडे जाताना सूर्य समोर येतो, कॅमेरा दिपतो. तेव्हा लेन असिस्टच्या भरवशावर राहूच नका.