बीएस्सी गणितानंतर बीएड: नियमित की दूरस्थ, आणि खर्च किती?

खडूफळा: धाकटी बहीण बीएस्सी गणित, 48 टक्के, ओबीसी. घरचे उत्पन्न वर्षाला साडेपाच लाख. माध्यमिक शाळेत शिकवायचे आहे. सध्या खासगी क्लासमध्ये शिकवते. नोकरी न सोडता इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून, दूरस्थ बीएड जमेल का? फी किती धरावी?

आडवाट: इग्नूची बीएड दोन वर्षांची, फी 55 हजार. पण तिथे प्रवेश मिळतो तो प्राथमिकच्या प्रशिक्षित, सेवेतल्या शिक्षकांना किंवा डीएडसारखा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नियमित पद्धतीने केलेल्यांना. क्लासमधला अनुभव धरत नाहीत, त्यामुळे हा रस्ता बंद. 'घरबसल्या बीएड, हजेरीची गरज नाही' म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

उरते नियमित दोन वर्षांची. हजेरी वर्गाला 80 टक्के, शाळेतल्या इंटर्नशिपला 90. इंटर्नशिप एकूण 20 आठवडे, त्यातले 16 दुसऱ्या वर्षी आणि तेही शाळेच्या वेळेत. सकाळचे क्लास तेव्हा सुटणारच. संध्याकाळचे जमतील, पण पाठाची टाचणे रात्री लिहावी लागतात, हे धरून चाला.

सातबारा: टक्क्यांकडे आधी बघा. खुल्या वर्गाला पदवीला 50 टक्के लागतात, राज्यातल्या मागासवर्गीयांना 45. म्हणजे 48 वर ती पात्र आहे ती फक्त ओबीसी म्हणून. जात पडताळणी किंवा नॉन-क्रीमीलेअर अडकले तर इतरांची नुसती आरक्षित जागा जाते, हिची पात्रताच जाईल. सीईटीचा, म्हणजे बीएडच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरण्याआधी दोन्ही प्रकरणे टाकून ठेवा.

सीईटी सोपी आहे: 100 प्रश्न, 90 मिनिटे, चुकीला गुण कापत नाहीत. बुद्धिमत्ता 40, सामान्य ज्ञान 30, शिक्षक अभियोग्यता 30. एकही प्रश्न कोरा सोडू नये. इंग्रजी माध्यमाचे कॉलेज हवे असेल तर ईएलसीटी ही इंग्रजीची चाचणीही द्यावी लागते.

आडवाट: फीचे राहिले. विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि कॉलेजनिहाय आकडा त्यांच्या संकेतस्थळावर असतो. कॉलेजने तोंडी सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघा. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच, पण कडक: प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली. सवलतीचा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज दुसऱ्या वर्षीही भरायचा असतो, तो बरेच जण विसरतात.

खडूफळा: नंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागेल का?

सातबारा: नववी-दहावीला नाही. सहावी ते आठवीसाठी पेपर 2 लागतो. पवित्र या सरकारी पोर्टलवरच्या शिक्षक भरतीसाठी मात्र टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, द्यावीच लागते. नावे सारखी, परीक्षा वेगळ्या. पहिली ते पाचवीचा विचार सोडा, ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बीएडला तिथून बाहेर काढले आहे.