मदत हवी आहे: मोंड्रियानचे चौकोन कुर्त्यावर उतरवायचेत, पण छातीचे टक्स लपवू कुठे?

नमस्कार मंडळी,

मी लातूरला शाळेत चित्रकला शिकवते. शिवणाचा क्लास केलेला नाही. आईच्या मशीनशेजारी बसून आणि पुढे स्वतःच्या पैशाचं कापड नासवून शिकले. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, मुलीचे फ्रॉक एवढं जमतं. यावेळी मात्र अडकलेय.

इंटरमिजिएटच्या मुलांना संकल्पचित्र शिकवताना मी दरवर्षी डच चित्रकार पीट मोंड्रियानची चित्रं दाखवते. पांढरं पान, काळ्या उभ्या-आडव्या पट्ट्या, आणि मोजक्या चौकोनांत लाल, निळा, पिवळा. त्या चित्रांवरून फ्रेंच फॅशन डिझायनर ईव्ह सँ लोराँ यांनी १९६५ मध्ये ड्रेस केले होते (मोंड्रियान १९४४ मध्येच गेले, त्यांना ते बघायला मिळाले नाहीत). पॅरिसच्या 'व्होग' या फॅशन मासिकाने त्या सप्टेंबरच्या मुखपृष्ठावर तो ड्रेस छापला आणि मग जगभर त्याच्या नकला निघाल्या. साठ वर्षांनी त्यात माझी एक भर.

मला वाटायचं, कापडावर चौकोन छापले असतील. तसं नाही. लोकरीच्या जर्सीचा (विणीच्या कापडाचा) प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा कापून जोडलाय, आणि अंगाचा जो काही फुगवटा आहे तो त्या जोडांतच जिरवलाय. समोरून बघताना एक टक्स (फुगवट्यासाठी कापडाला घातलेली शिवणीची चिमटी) दिसत नाही. ड्रेस सपाट कागदासारखा दिसतो, आत मात्र बाई आहे! हे कळल्यापासून मला झोप नाही.

गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक घालून शाळेत जायची माझी हिंमत नाही, म्हणून लांबी ४२ इंच, खाली पांढरी पँट. लोकरीची जर्सी लातूरच्या उन्हात घालणं म्हणजे शिक्षा, म्हणून जाडसर सुती घेणार.

आतापर्यंतचे पराक्रम सांगते. साध्या बिनबाह्यांच्या, सरळसोट शिफ्ट ड्रेसचा पॅटर्न (कापायचा कागदी साचा) इंटरनेटवरून विकत घेतला आणि झेरॉक्सच्या दुकानात ए-फोरवर छापून आणला. रात्री कागद चिकटवले, चाचणीसाठी मांजरपाट कापला, शिवला आणि डोक्यातून घातला तो छातीशी अडकला. तेव्हा कुठे पहिल्या पानावरचा, छपाईचं माप तपासायचा १० सेंमीचा चौकोन पट्टीने मोजला. ९.५ भरला! 'पानात बसवा' वर टिक राहिली होती. अर्ध्या सेंमीने काय होतंय म्हणाल, तर १०४ सेंमीचा घेर ९९ वर आला, म्हणजे दोन इंच गेले. चूक दुकानदाराची नाही, चौकोन आधी मोजायला हवा होता.

दुसऱ्यांदा शंभर टक्क्यांवर छापला. आता छाती बसली, पण कंबर सीटवर आली. माझी उंची पाच फूट, आणि मी लांबी फक्त खालून कमी केली होती.

खरा प्रश्न पुढेच आहे. माझ्या खांद्यापासून छातीचा टोकबिंदू १० इंचांवर आहे. चित्रातल्या प्रमाणाने पहिली आडवी काळी पट्टी साडेसात इंचांवर येते. उभी पट्टी एकच आहे, ती पण डावीकडे. डाव्या बाजूचा टक्स प्रिन्सेस कटसारखा (छातीवरून जाणाऱ्या उभ्या जोडासारखा) त्या उभ्या जोडात घालता येईल, पण उजवीकडे उभी रेघच नाही. तिथला टक्स कुठे नेऊ? बगलेतून तसाच ठेवला तर पांढऱ्या चौकोनात तिरपी रेघ दिसेल, आणि मग सगळाच खेळ खलास.

रेडिमेड काळी लेस वरून शिवण्याचा सल्ला कृपया देऊ नका. एका कुर्तीला करून पाहिलंय. पहिल्या धुण्यात लेस आटली आणि कुर्ती पापडासारखी वाकडी झाली.

चहाबाज:
ताई, काळ्या पट्ट्यांऐवजी पैठणीचे काठ लावा ना. आपल्या मराठवाड्याचा टच येईल. पिवळ्याच्या जागी हिमरू.

धागाकर्ती:
दादा, पैठणी आणि हिमरू दोन्ही मला जीव की प्राण आहेत. पण काठावर मोर आले की बघणारा मोर बघणार, चौकोन नाही. यात नक्षी नसणं हीच नक्षी आहे.

सुईदोरा, परभणी:
मी बावीस वर्षं क्लास घेते. तुमचा प्रश्न वाचून मांजरपाट काढून बसले, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले.

आधी उंचीचं. बर्डा या जर्मन शिवण-मासिकाचे नेहमीचे पॅटर्न १६८ सेंमी उंचीच्या बाईसाठी आखलेले असतात, तुमचाही तसाच कुठला तरी असणार. तुम्ही १५२. हा फरक खालून एकदम कापायचा नसतो. थोडा मुंढ्याच्या (बाही जोडायच्या भोकाच्या) उंचीत, थोडा छाती ते कंबर आणि थोडा कंबर ते सीट असा वाटून घडी घालायची. मुंढ्यात घडी घातली तर मागच्या भागालाही तेवढीच घाला, नाहीतर खांदे जुळणार नाहीत. पॅटर्नला माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं जादा कापड) धरली आहे का तेही बघा. बर्डाच्या मासिकात धरलेली नसते, अमेरिकन पॅटर्नच्या पाकिटात पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) धरलेली असते.

आता टक्स. चित्रातलं प्रमाण विसरा. ते चित्राचं प्रमाण आहे, तुमच्या अंगाचं नाही. पट्टी खाली आणा. वरची कड खांद्यापासून ९ इंचांवर, खालची १० वर, म्हणजे खालचा जोड बरोबर टोकबिंदूवरून जाईल. मग डावी-उजवी भानगडच राहत नाही, दोन्ही टक्स त्याच जोडात जातात. जोड टोकबिंदूपासून इंचभर दूर गेला तरी चालतं. अडीच इंच दूर गेला तर छाती एकीकडे आणि फुगा दुसरीकडे.

करायचं असं: खाकी कागदावर बगलेचा टक्स बंद करून चिकटवा आणि पट्टीखालच्या रेषेवर कागद कापा. टक्सची रुंदी खालच्या तुकड्याच्या वरच्या कडेला उतार म्हणून निघेल. टोकबिंदूपासून बगलेकडे ती कड खाली उतरेल. कोपरा हाताने गोलसर करा, टोकदार ठेवू नका. काळी पट्टी मात्र सरळच कापायची. सगळा उतार खालच्या तुकड्याच्या माथी मारायचा. शिवल्यावर पट्टी सरळ दिसते आणि फुगवटा खाली गपचूप बसतो.

पट्टी एक इंच दिसायला हवी असेल तर दोन इंच कापा, दोन्हीकडे अर्धा इंच माया. हे लोक विसरतात. आडवे-उभे मिळून सात-आठ जोड आहेत. प्रत्येकात माया खाल्ली गेली तर ड्रेस तुमच्या मुलीला होईल.

बॉबिन:
मावशींनी कटिंगचं सगळं सांगितलंच आहे. मी कापडाचं सांगते, कारण माझा पांढरा-लाल अनारकली पहिल्या धुण्यात गुलाबी झाला होता. पाचही रंगांचं कापड कापण्याआधी वेगवेगळं पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. एक आटलं आणि दुसरं नाही, तर जोड चुण्या धरणार. लालचा ओला तुकडा पांढऱ्या रुमालात ठेवून वरून गरम इस्त्री फिरवा. रुमालावर डाग आला तर ते कापड दुकानात परत. "मिठाच्या पाण्यात रंग पक्का होतो" यावर विसंबून मी फसलेय.

सगळी कापडं एकाच जाडीची घ्या. नांदेडची खादी मिळाली तर बघा, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीची. तिथे तर राष्ट्रध्वजाची खादी होते. अंगावर जरा ताठ राहते, आणि तुम्हाला कागदासारखंच हवंय.

आणि इस्त्री करताना माया काळ्याकडे वळवा. पांढऱ्याखाली गेली तर आरपार दिसते.

धागाकर्ती:
तुम्हा दोघींचे कसे आभार मानू? मावशी, मी आठ दिवस पट्टी साडेसातवरच कशी ठेवायची यात डोकं घालून बसले होते. वर्गात मुलांना "चित्र कागदाच्या मापाने मांडा" म्हणून ओरडते, आणि स्वतःच्या अंगावर तेच विसरले.

काल मांजरपाट घालून आरशासमोर उभी राहिले आणि मार्करने पट्ट्या आखल्या. कागदावर ठीक वाटणारी उभी रेघ अंगावर बगलेत घुसत होती, ती दीड इंच मध्ये घेतली. पाठीमागच्या रेषा मुलीने आखल्या, त्यातली एक तिरपी आहे, पण ती तिला तशीच ठेवायची आहे म्हणे.

आज गंजगोलाईत पाच दुकानं फिरून कापड आणलं. लाल पास झाला. निळ्याने रुमाल खराब केला, तो उद्या परत.

तुकडे पसरून बसले होते तर सासूबाई आल्या. "चिंध्या कायला जोडू लालीस गं?" म्हणाल्या. फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ही तर गोधडीच की." मग त्यांनी माझा जोडण्याचा क्रमच बदलून टाकला. मी एकेक चौकोन घेऊन चारी बाजूंनी पट्ट्या लावत सुटले होते. त्या म्हणाल्या, आधी एका ओळीतले तुकडे जोडून लांब पट्टा कर, मग पट्टे एकमेकांना जोड, मध्ये कोपरा शिवायची वेळच येत नाही. खरंच येत नाही! चारचार कोपरे उसवण्यात माझे दोन दिवस गेले होते.

आता एकच राहिलं. पट्टे जोडताना उभी काळी पट्टी आडव्या पट्टीच्या वर आणि खाली एका रेषेत यायला हवी. टाचण्या लावूनही मशीनखाली दोन सूत सरकते. कच्चा धावदोरा घालू का? की मशीनच्या, कापड दाबणाऱ्या पायाचा दाब कमी करून चालेल? मशीन जुनं काळं आहे, दाबाचा स्क्रू वरती आहे पण गंजलाय.

सुईदोरा, परभणी:
स्क्रूला हात लावू नका, तुटला तर बसाल. धावदोरा घाला, पण फक्त त्या चौकात, दोन-दोन इंच. वरच्या पट्ट्याची माया एकीकडे आणि खालच्याची उलट दिशेला दाबली की दोन्ही जोड एकमेकांत अडकून बसतात आणि सरकत नाहीत. तिथे माया काळ्याच्या बाहेर जाईल, तर ती तेवढीच दोन सुतांवर छाटा. सासूबाईंना विचारा, त्यांना माहीत असणार.