वूचच्या प्रदर्शनातला ‘झ्झुता’ म्हणजे नक्की काय?

भटकी_मांजर: नोकरीपायी पोलंडात वूचला आहे. (नकाशात ‘लोड्झ’ वाचून मी तिकीट काढताना भलतंच बोलले होते.) काल ‘वूच कालिस्का’ या कलाकारांच्या टोळीचं प्रदर्शन पाहिलं. काळेपांढरे फोटो, बाप्ये तेरावं घातल्यासारखे गंभीर आणि उद्योग सगळे चावट. सारखा ‘झ्झुता’ शब्द दिसत होता. म्हणजे?

जुना_पाहुणा: काँट्री! बाटलीसाठी काढतात ना, तीच. टोळी १९७९ची, नाव तिथल्या रेल्वे स्टेशनचं. डिसेंबर १९८१मध्ये मार्शल लॉ लागला, बऱ्याच कलाकारांनी सरकारी गॅलऱ्यांवर बहिष्कार टाकला. मग ही मंडळी एका पोटमाळ्यावर जमू लागली. खर्च सगळ्यांच्या काँट्रीतून. ‘तांगो’ नावाचं नियतकालिकही तसंच काढलं: आपापली पानं प्रत्येकानं करून आणायची, मग एकत्र बांधायची.

भटकी_मांजर: अगं बाई! म्हणजे हस्तलिखितच की. काचेखाली एक अंक होता, मी शाळेची वही समजून पुढे गेले. रविवारी परत जाते.

खडूस: चावटपणा म्हणे! त्या फोटोंत कपडे कायम बायकांचेच का उतरतात, तेही बघून ये.