मदत हवी आहे : नव्या थीम पार्कच्या तिकिटाचा आणि वार्षिक पासचा अंदाज कसा बांधावा?

नमस्कार मंडळी,

अजून सुरू न झालेल्या एका थीम पार्कच्या दरांचा अंदाज मी बांधत आहे आणि वार्षिक पासपाशी येऊन अडलो आहे. एका दिवसाच्या तिकिटाला निदान आधार तरी सापडतो: डिस्नीलँडने २०१६ मध्ये गर्दीनुसार ९५, १०५ आणि ११९ डॉलर असे तीन दर लावले, तर अमेरिकेतील ऑरलँडो येथील युनिव्हर्सल कंपनीच्या एपिक युनिव्हर्स या थीम पार्कचे तिकीट २०२५ मध्ये १३९ डॉलरपासून सुरू झाले. पासची किंमत मी तिकिटाच्या पटीत मांडतो, म्हणजे किती फेऱ्यांत पैसे वसूल होतात ते लगेच कळते. पण वहीत तीन पट धरली की पास फार स्वस्त वाटतो आणि सहा पट धरली की घेणारा उरत नाही. शिवाय पहिल्या वर्षी तिकिटे अशीही खपत असताना पार्क पास विकेलच कशाला, ही शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण एपिक युनिव्हर्सही सुरुवातीला युनिव्हर्सलच्या वार्षिक पासमध्ये समाविष्ट नव्हते. पास न चालणारे गर्दीचे दिवस, पार्किंग आणि खाण्यावरील सवलत यांचे मोल या पटीत कसे धरावे? ज्यांनी असे हिशेब केले आहेत, त्यांनी आपली पद्धत कृपया सविस्तर सांगावी.