देणारे टिळक, पण डबा कुणाच्या घरचा?

रानजाई (धागाकर्ती):
परवा रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग पुन्हा चाळत बसले होते. ख्रिस्ताला माउली म्हणणारा हा माणूस देवाकडे फारसं मागतच नाही. माझं म्हणून काही उरू नये, हाच सूर. प्रार्थना म्हणून अस्सल, वाद नाही.

पण लगेच त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' आठवतं. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. दारी आलेल्याला यांनी द्यायचं आणि संध्याकाळच्या चुलीचं लक्ष्मीबाईंनी बघायचं. बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये. या घरात डावा हात म्हणजे लक्ष्मीबाई. त्यांना सगळं कळत होतं, कारण पीठ त्यांच्याच डब्यातून जात होतं. बायकोच्या ताटातलं उचलून दिलेलं दान निःस्वार्थ कसं म्हणायचं?

नगरी_माणूस:
साफ असहमत, आणि थोडा चिडलोही आहे. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) रविवारी 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडलं की टिळकांचं एखादं गीत ठरलेलं. पेटी, तबला, झांजा. ते गाताना कुणी घरचा हिशोब काढत नाही. हंगामाच्या सणाला लोक बाजरी, अंडी, कोंबडी घेऊन येतात, मग अंगणात लिलाव. मागे एका आजींचा लाल भोपळा चारशेला गेला. घेणाऱ्याने पैसे भरले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला. पुन्हा बोली. तीनदा विकला एकच भोपळा! टिळकांच्या अभंगातलं देणं मला तिथं कळलं, पुस्तकात नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. अजून काय द्यायचं माणसानं?

रानजाई:
भोपळा आवडला. पण पगारावर पाणी सोडलं तेव्हा तो पगार एकट्या टिळकांचा होता का? माझा मुद्दा तिथंच अडकलाय.

अक्षरशत्रू:
ताईंच्या बाजूने एक जुना दाखला. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली हे सगळे सांगतात. त्याच कथेत धाकटा भाऊ कान्होबाच्या वाटणीची निम्मी खतं आधी त्याला दिली, मग आपली बुडवली, हे मात्र पटकन गाळलं जातं. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक मानायचे ना? मग हाही दगड त्याच पुलाचा. (आवलीला कुणी विचारलं होतं का, हे विचारू नका, धागा लांबेल.)

अवांतर: ख्रिस्ती अभंग म्हणजे उसना अंगरखा, असं मला वाटतं. वारकऱ्यांचं माप, आत दुसराच माणूस.

जुनी_वही:
अवांतराला आधी उत्तर. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं, तेही ओवीत. चारशे वर्षं अंगावर असलेल्या अंगरख्याला उसना म्हणत नाहीत हो.

आता रानजाई, तुम्ही लक्ष्मीबाईंना फारच बिचारी करून टाकलंत. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा या बाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, आपला निर्णय आपण घेतला. नगरला बालकवी ठोमरे याच घरात राहिले. त्या पोराला वाढणारे हात कुणाचे? टिळक प्लेगच्या छावणीत सेवेला होते तशा त्याही होत्या. आणि 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य टिळकांनी जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहून सोडलं, १९१९ मध्ये ते गेले. पुढचे साठाहून जास्त अध्याय नवऱ्याकडून अक्षरं गिरवायला शिकलेल्या बाईने लिहिले. डब्यातलं पीठ लुबाडलं गेलं असं मानणारी बाई असं करेल?

आणखी एक. 'स्मृतिचित्रे' तक्रारवही म्हणून वाचली की त्यातलं हसू हरवतं. त्या टिळकांवर वैतागतात, पण त्या वैतागाला किती मजा आहे!

रानजाई:
प्लेगची छावणी माझ्या लक्षातून निसटली होती, हे मान्य. बिचारी म्हणायचं नव्हतं, पण तसं उतरलंय खरं. तरी हसत सांगितलं म्हणून उपास कमी होत नाही. आणि तुमचा हिशोब मला माझ्याच बाजूचा वाटतोय. अकरा अध्याय त्यांचे, साठाहून जास्त यांचे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत 'फुलामुलांचे कवी' कोण? टिळकच. 'भरली घागर' हा लक्ष्मीबाईंचा कवितासंग्रह इथल्या किती जणांनी वाचलाय, हात वर करा.

अक्षरशत्रू:
माझा खाली.

नगरी_माणूस:
माझाही. मंडळीच्या कपाटात असेल तर रविवारी बघतो.

अक्षरशत्रू:
भोपळा शेवटी कुणी नेला?

नगरी_माणूस:
आजीच ओरडल्या, "अरे आता कुणीतरी घरी न्या, नासंल!" मग पाळकबाईंनी नेला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या आळीला घारगे.